होळीला जायचा लांबचा रस्ता

"बाई, आम्ही त्या बाजूला का?" एवढंच पॉलिननं विचारलं होतं. गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी, नाटकातली कागदाची टोपी माझ्या टेबलावर ठेवता ठेवता. मी वह्या तपासत होते. मान खाली ठेवूनच म्हटलं, "कुठल्या बाजूला गं?" आणि मान वर केली तोवर ती दाराबाहेर गेलेली. त्याला आज नऊ दिवस झाले. नऊ दिवस पॉलिन शाळेत नाही, आणि नऊ दिवस ते वाक्य माझ्या कानात आहे. भात कालवताना आहे, वेणी घालताना आहे, फळ्यावर सनावळी लिहिताना तर हमखास आहे. मी सातवीला इतिहास शिकवते. मला उत्तर येत नाही असं सहसा होत नाही, आणि झालंच तर मी मुलींना कळू देत नाही, हेही सांगून टाकते. फायनलच्या परीक्षेचे फॉर्म मंगळवारी जायचे आहेत. पॉलिनचा फॉर्म कोराच आहे. रिटानं, तिच्या शेजारच्या मुलीनं, शुक्रवारी सांगितलं, "बाई, ती म्हणते आता नाही यायची. वाडीतच काम करणार." वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी! मी रिटावरच खेकसले. दुसरं काय करणार, चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची सवय शिक्षकांना असतेच.

म्हणून आज रविवारी सकाळी साडेसातला पायात चपला सरकवून मी निघाले, पॉलिनच्या घरी जायला. ती होळी नावाच्या आळीत राहते. झेंडा बाजारातल्या माझ्या खोलीपासून होळी म्हणजे वीस मिनिटांची वाट. जिन्याखाली घरमालकीण रुक्मिणीकाकू तांदूळ पाखडत होत्या. "कुठे एवढ्या सकाळी?" मी म्हटलं, "होळीला." आणि बाजाराच्या टोकाला आले नि पाय उलट्या दिशेला वळले, किल्ल्याकडे. मी त्यांना अडवलं नाही. मनाशी म्हटलं, उत्तराशिवाय जाऊन तिथे काय तोंड दाखवू? आधी किल्ला नीट बघू, जिथे घडलं तिथे उभं राहू, काहीतरी सापडेल. हे अर्थात खोटं होतं. मला भीती वाटत होती. तेरा वर्षांच्या मुलीची भीती. पण खोटं असलं तरी त्यात एक खरी लाजही होती. मी साताऱ्याकडची. वसईत येऊन चार वर्षं झाली. दर वर्षी हात उंचावून, आवाज चढवून मी सांगते की सतराशे एकोणचाळीस साली मराठ्यांनी फिरंग्यांकडून, म्हणजे पोर्तुगीजांकडून, हा किल्ला कसा घेतला, सुरुंग कसे उडाले, तटावर माणसं कशी चढली. आणि तो तट शाळेपासून हाकेच्या अंतरावर असून मी तिथे एकदाच गेलेली, तेही सहलीला, चिवड्याचे डबे मोजत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

रस्त्यात टांगेवाल्यानं विचारलं, "बाई, स्टेशनला?" दुधवाल्यानं विचारलं, "बाई, कोण आजारी आहे का?" एकटी बाई सकाळच्या पारी छत्री घेऊन चालली आहे, म्हणजे तिला कुठेतरी पोचायचं असलंच पाहिजे. नुसतं बघायला चाललेय म्हटलं तर लोकांना काळजी वाटते. मी दोघांनाही काहीतरी सांगितलं. आणि मग दोन्ही बाजूंना ताड दाट झाले, रस्ता जरा वळला, आणि झाडीतून तो तट एकदम समोर आला. अगबाई, केवढा तो! शाळेतल्या नकाशावर मी त्याची रेघ लाल खडूनं एका झटक्यात ओढते. इथे मी त्याच्या कडेनं चालत राहिले, चालत राहिले, आणि तो संपेना. दगडाला दगड असा बसलाय की सुईसुद्धा जाऊ नये, आणि त्या फटीतूनच कुठल्या तरी पिंपळानं मूळ घातलंय, तर दगड हललाय पण पडला नाही. जमिनीकडच्या दरवाज्यातून आत शिरले. दरवाजा सरळ नाही. आत जाऊन वळण, मग पुन्हा दरवाजा. येणाऱ्याला पुढे काय आहे ते दिसू नये अशी तजवीज. त्या वळणावरच्या गार सावलीत मी उभी राहिले आणि खरं सांगते, बांधणाऱ्यांच्या हुशारीला मनापासून दाद दिली. वर्गात मी त्यांना कधी दाद दिलेली नाही. वर्गात ते फक्त जुलमी असतात. जुलमी होतेच म्हणा, त्यात मी काही वावगं शिकवलेलं नाही. पण त्यांच्या हाताखाली हे दगड ज्यांनी घडवले, वाहिले, चुन्यात बसवले ते कोण होते? लिस्बनहून गवंडी आले नसतील एवढे. इथलेच असतील. होळीचे, पापडीचे, गिरीजचे. पॉलिनचे.

आत सगळं रान. करवंदीच्या जाळ्या, ताडाची झाडं, मधूनच पायवाट, आणि पायवाटेच्या शेवटी कसलीही सूचना न देता छप्पर नसलेलं एक देऊळ उभं. त्यांच्या चर्चला इथले ख्रिस्ती लोक देऊळच म्हणतात, चार वर्षांत मलाही ती सवय लागली. कमान एवढी उंच की मान मागे टाकली तर पदर घसरतो. कमानीतून थेट आभाळ दिसतं. खाली जमिनीवर थडग्यांचे लांब दगड, त्यांवर न कळणारी अक्षरं नि ढाली कोरलेल्या, आणि अक्षरांतून गवत. मी चपला काढल्या. का काढल्या कोण जाणे. कुणी मेलेला माणूस खाली आहे, आपण वरून चालतोय, एवढंच मनात आलं. एका बुरुजासारख्या मनोऱ्यात गोल जिना होता, तो अर्धा चढले. वर पोचायचा धीर झाला नाही, पण अर्ध्यातल्या झरोक्यातून सगळी वसई दिसली. हिरवी, नुसती हिरवी. केळी, माड, पानवेलींचे मांडव, त्यांत एक पांढरं देवळाचं टोक, एक नागेश्वराचं शिखर, आणि पलीकडे मिठागरांचे चौकोन, खाडी, समुद्र. किती सुंदर आहे हे माझं गाव, असं मी मोठ्यानं म्हणाले. 'माझं' म्हणाले. चार वर्षांत पहिल्यांदा. आणि पुढच्याच क्षणी आठवलं की ज्या मुलीचं ते पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिला मी मंचावर परकी करून उभी केली होती.

आता ते सांगायलाच हवं. नाटक मीच लिहिलं, मीच बसवलं. वसईची लढाई, तीन प्रवेशात. पात्रांची यादी करायला बसले तेव्हा पेन एकदाही न उचलता लिहीत गेले. मराठे: शांता, मंदा, कुसुम, वत्सला. फिरंगी: पॉलिन, रिटा, सेलिन, सुझान. झालं. थांबले नाही, विचार केला नाही, काही खटकलं नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "छान निवड केलीत." मुलींच्या आया टोप्यांना सोनेरी कागद लावून देत होत्या, मराठ्यांच्याही आया आणि फिरंग्यांच्याही. कुणालाच काही वाटलं नाही, याची मला आता जास्त धास्ती वाटते. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कारटं, एवढी साधी वाटणी, आणि मी ती इतिहास म्हणून विकली. पॉलिनला कप्तान केलं. तिचा आवाज खणखणीत, पाठांतर चोख, त्यामुळे काम तिनं असं उचललं की तालमीला बाकीच्या मुली आपलं बोलणं विसरून तिच्याकडे बघत राहायच्या. तालमीत शेवट साधा होता. कप्तान येतो, चाव्यांचा जुडगा ताटात ठेवतो, वळतो आणि जातो.

मनोऱ्यातून उतरले तोवर ऊन चढलं होतं. दर्यादरवाज्याची वाट धरली. मधे नागेश्वराला हात जोडले, तिथल्या पुजाऱ्यानंही विचारलं, "बाई, एकट्याच?" हो म्हटलं. एकटीच आहे, आणि आज मला कुणी सोबत नको आहे. दोन्ही बाजूंना पडलेले वाडे, विहिरी, एका भिंतीत अजून शाबूत राहिलेली खिडकी, तिच्या कोनाड्यात कुणीतरी ठेवलेली ताडीची मडकी. मला हे सगळं आवडत होतं, अगदी हावरटासारखं आवडत होतं. प्रत्येक दगडापाशी थांबावं, हात लावावा. आणि मन मात्र मधेच गॅदरिंगच्या मांडवात जायचं. शाळेच्या अंगणात मांडव, दोन पेट्रोमॅक्स, पुढे सतरंजीवर मुलं, मागे बाकांवर पालक. तिसऱ्या रांगेत पॉलिनचे आजोबा, आल्बर्ट आजोबा, देवळात जायचा काळा कोट घालून. शेवटचा प्रवेश रंगला. पोरं शिट्ट्या मारत होती, पाय आपटत होती, शांतानं सरदाराचं भाषण ठोकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी विंगेत. मेलं साताऱ्याचं रक्त, त्याला टाळ्या ऐकू आल्या की भान राहत नाही. पॉलिन ताटात जुडगा ठेवून वळणार, तेवढ्यात माझा हात आपोआप वर गेला नि मी तिला खूण केली. खाली. गुडघ्यावर. तिनं माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच, पण पाहिलं. मी पुन्हा हात हलवला, खाली, खाली. आणि ती बसली. दोन्ही गुडघे टेकून, मान खाली घालून. मांडव नुसता कोसळला टाळ्यांनी.

दर्यादरवाज्याची दारं अजून आहेत. लाकडाचा चुरा होत चाललाय, पण लोखंडाचे पत्रे आणि खिळे तसेच. खाऱ्या वाऱ्यात दोनशे वर्षं गंजत उभी आहेत आणि अजून दारंच आहेत. त्यांच्यापलीकडे लगेच समुद्र, आणि कोळणींनी वाळत घातलेले बोंबील. मी दाराच्या सावलीत टेकले, आणि तिथे, इतक्या वर्षांनी, मला माझ्याच पुस्तकातलं पान आठवलं. बारीक अक्षरातलं. किल्ला पडला तेव्हा तहात ठरलं की फिरंगी शिबंदीनं हत्यारांसकट, निशाणं फडकावत, ढोल वाजवत बाहेर पडावं. आणि ज्यांना राहायचं असेल त्यांनी आपापला धर्म पाळून राहावं. ते पान मला पाठ होतं. नाटकात घेतलं नाही, कारण ढोल वाजवत जाणारा शत्रू दाखवला तर रंग जातो. म्हणजे इथून ते ताठ गेले. ज्या जिंकणाऱ्यांचा मला एवढा अभिमान, त्यांनी कुणालाही गुडघ्यावर बसवलं नाही. एवढी माणसं सुरुंगात गमावून, एवढा राग पोटात असून बसवलं नाही. किती मोठं मन! आणि मी, जिचं तिथे कुणी मेलं नाही, जिचे पूर्वज तेव्हा कुठे होते हेसुद्धा ठाऊक नाही, मी एका खुणेसरशी बसवलं. गुडघे इतिहासातले नव्हते. माझे होते. मला रडू आलं, ते मी येऊ दिलं.

"कोन पाहिजे, बाई?" समोर एक कोळीण उभी. टोपली कमरेला, वय माझ्याएवढंच. मी डोळे पुसले, म्हटलं, कुणी नको, किल्ला बघायला आले. "यात काय बघाचा? पानी पाहिजे?" तिनं तांब्या दिला. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "शालेतल्या बाई ना तुमी? तुमचा नाटक आमी बगितला. माजी पोरगी तिसरीला हाय. मी कमळी." मी घोट घेत मान हलवली. "ती फिरंगीन पोरगी लय भारी होती. आवाज कसला! तीच आवडली मना." आणि टोपली दुसऱ्या कमरेला घेत म्हणाली, "पन शेवटाला ती बसली ना, तवा मना कसातरी झाला. बसाला नको होता तिनं." मी म्हटलं, "बसायचं तिनं नाही ठरवलं. मी बसवलं." कमळी हसली. तिला वाटलं मी नाटकातलं काहीतरी सांगतेय. "मंग तुमी चुकल्या," ती सहज म्हणाली, आणि बोंबील उलटायला गेली. नऊ दिवस मी जे शोधत होते ते तिनं मासळीचा भाव सांगावा तसं सांगून टाकलं. आता किल्ल्यात थांबायला मला एकही निमित्त उरलं नाही.

परत गावातून होळीला पोचले तेव्हा साडेअकरा होत आले होते. देवळातली मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, सुटून बराच वेळ झाला असणार, लाल लुगड्यांतल्या बाया घराघरांच्या ओट्यांवर बसल्या होत्या. होळीच्या वाड्यांचं काय सांगू? किल्ला बघून डोळे भरले होते, तरी इथे पुन्हा भरले. राजेळी केळींची रांग, त्यांच्या आड पानवेल, मधून सुपारी, कडेला मोगरा. एकाची सावली दुसऱ्याला हवी तेवढीच मिळेल अशी मोजून लावलेली. आणि त्या सगळ्यांतून हातभर रुंदीचे पाट, त्यांतून पाणी चाललेलं, वळणावर मातीचा बांध फोडला की इकडे, घातला की तिकडे. कुणाच्याही तहात न लिहिलेलं हे राज्य. ते फिरंग्यांच्या आधी होतं, मराठ्यांच्या वेळी होतं, इंग्रजांच्या वेळी होतं. एका वाडीत पॉलिन उभी होती, फावड्यानं बांध फोडत. पाय घोट्यापर्यंत चिखलात. मला बघून फावडं थांबलं.

मी सगळी वाक्यं वाटेत जुळवली होती. म्हटलं, "पॉलिन, मी चुकले. तुम्हा सगळ्यांना एका बाजूला घातलं ते चुकलं, आणि तुला बसवलं ते तर पापच. असं काही झालंच नव्हतं. ते ताठ गेले होते. मी माफी मागायला आले." तिनं ऐकलं. चेहरा जराही बदलला नाही. पाणी पाटात अडून तिच्या पायांशी साचत होतं. मग म्हणाली, "मला नका सांगू, बाई. आजोबांना सांगा. ते होते तिथे."

आल्बर्ट आजोबा विहिरीपाशी रहाटावर होते. रविवारी काम करू नये, पण पानवेलीला एक पाणी चुकलं तर ती रुसते, म्हणून फादर तेवढं चालवून घेतात. बैल गोल फिरत होता, रहाट करकरत होता, पोहऱ्यांतून पाणी पन्हळीत पडत होतं. आजोबांनी मला पाहून टोपी काढली. "बाई! या, या!" घरात ते सगळे त्यांच्या बोलीत बोलतात, ती मला निम्मी कळते, पण शाळेच्या बाईशी ते शाळेचं मराठी बोलतात. मी हळू आवाजात सुरू केलं. त्यांनी कान पुढे केला. "काय?" तेव्हा मला कळलं की त्यांना ऐकू कमी येतं. पुन्हा सांगितलं. "काय म्हणता?" रहाट करकरतोच आहे. मी इकडेतिकडे बघितलं. पॉलिन शेजारी येऊन उभी. मग मी ओरडले. "आजोबा, मी चुकले! नाटकात! पॉलिनला गुडघ्यावर बसवलं ते मी! माफ करा!" शेजारच्या वाडीतून हरिभाऊ माळी डोकावले. ओट्यावरच्या बाया उठून कुंपणाशी आल्या. शाळेची बाई होळीच्या भर वाडीत ओरडून माफी मागतेय, एवढं सगळ्या आळीला ऐकू गेलं.

आजोबांनी बैलाला हाक मारून थांबवलं. एकदम शांत झालं. "नाटक?" ते म्हणाले आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला. "अहो, काय छान केलंत! मी टाळ्या वाजवल्या. हात दुखेपर्यंत वाजवल्या." मी पॉलिनकडे बघितलं. तिनं ओठ दातांखाली धरला होता. आजोबा पुढे सांगत होते, "वसई आपली झाली. जिंकलो आपण. मग टाळी वाजवायला नको?" ते 'आपण' म्हणाले. किती सहज म्हणाले! उभ्या आयुष्यात त्यांना कधी शंकासुद्धा आली नव्हती. आणि पॉलिनला कशानं दुखलं ते मला आत्ता, त्या विहिरीपाशी, पहिल्यांदा कळलं. मंचावर ती गुडघे टेकून मान खाली घालून बसली होती, आणि तिसऱ्या रांगेत तिचेच आजोबा समोरच्यांच्या विजयाला टाळ्या वाजवत होते. तिला त्यांच्यात जाता येत नव्हतं. मी मधे उभी होते.

"बाई," पॉलिन हळूच म्हणाली, "मला त्या बाजूला का घातलं, ते सांगा त्यांना."

रहाट थांबलेला होता. आता ओरडायची गरज नव्हती, पण मी ओरडले. "आजोबा, मी तिला फिरंगी केलं, कारण ती तुमची नात आहे! ख्रिस्ती आहे म्हणून! रिटाला, सेलिनला, सगळ्यांना म्हणूनच!"

आजोबांनी हे ऐकलं. त्यांच्या भुवया जवळ आल्या. टोपी हातात होती ती त्यांनी दोनदा फिरवली. मग माझी कीव आल्यासारखं, अगदी समजूत घालत ते म्हणाले, "छे, छे. तसं नसेल हो बाई. हिचा आवाज मोठा आहे ना, म्हणून घेतलं असेल. कप्तानाला आवाज लागतो." आणि माझ्याकडे बघत राहिले, मी हो म्हणायची वाट बघत. कुंपणापलीकडे हरिभाऊही मान हलवू लागले, "हां, आवाज मोठा आहे पोरीचा." सगळ्यांनी मिळून मला बाहेर पडायला दार उघडून दिलं होतं. नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं, आणि त्यात थोडं खरंही होतं.

"नाही, आजोबा," मी म्हणाले. "तसं नव्हतं."

त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मला पुन्हा सांगावं लागेल असं वाटून मी तोंड उघडलं, तेव्हा पॉलिननं माझा दंड धरला. तिच्या हाताचा चिखल माझ्या पोलक्याला लागला.

"ऐकलं त्यांनी, बाई. आता पुरे," ती म्हणाली. "उद्या येते मी."